गांडूळ, पिसांची माशी आणि मासा : एका जुन्या वादाच्या अभ्यासाची प्रस्तावना

इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशर परगण्यात टेस्ट आणि इचन या नावाच्या दोन नद्या आहेत. त्यांचे पाणी खडूच्या थरांतून झिरपून येते. त्यामुळे ते वर्षभर जवळजवळ सारखेच थंड असते आणि इतके नितळ की तळाशी उभा असलेला ट्राउट काठावरून दिसतो. त्यांचे काठ आणि त्यांवरचे मासेमारीचे हक्क मात्र खासगी मालकीचे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत या काठांवरच्या सुशिक्षित माणसांनी एका प्रश्नावर ग्रंथ लिहिले, क्लबांत सभा भरवल्या आणि मैत्री तोडली. प्रश्न असा होता : पिसांची बनवलेली माशी ट्राउटपुढे पाण्यावर तरंगती टाकावी, की बुडती टाकली तरी चालेल? गांडूळ वापरण्याचा तर विचारही तिथे वर्ज्य होता.

या विषयाकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकाला हा रिकाम्या वेळेचा वाद वाटेल. मला तो तसा वाटत नाही. माणसाने दुसऱ्या जिवाशी खेळावे का, खेळायचेच असेल तर कोणत्या नियमांनी, आणि ते नियम कोणी ठरवायचे, या प्रश्नांचा इतका दीर्घ आणि तपशीलवार लेखी पुरावा फार थोड्या छंदांनी मागे ठेवला आहे. इतिहासकार, जीवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि नीतिशास्त्राचे अभ्यासक आज या पुराव्याभोवती एकत्र आले आहेत. त्यांच्या कामाची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

आधी आमिष आणि फ्लाय या दोन्ही पद्धतींविषयी थोडे. आमिषाची पद्धत मराठी वाचकाला नवी नाही. खाडीच्या काठी गरवायला बसणाऱ्या माणसाला ती आपण सांगायला नको. गळाला गांडूळ, अळी, पिठाचा गोळा किंवा लहान मासा लावायचा आणि मासा खाण्याची वाट पाहायची. फ्लाय म्हणजे गळावर पिसे, लोकर, केस आणि रेशमाचा धागा बांधून केलेला खोटा किडा. त्याला वजन जवळजवळ नसते, म्हणून तो फेकता येत नाही. लवचीक काठीने जड दोरी हवेतून मागेपुढे खेळवत फेकायची आणि तिच्या टोकाशी बारीक धाग्याला बांधलेला किडा पाण्यावर अलगद उतरवायचा. आमिष हे खरोखरचे अन्न असते, म्हणून मासा ते गिळतो. फ्लाय नजरेला फसवते, तोंडात गेल्यावर मात्र फसवू शकत नाही, म्हणून मासा ती क्षणात थुंकू पाहतो आणि गळ बहुधा ओठात किंवा जबड्यात रुततो. पुढे आमिष आणि फ्लाय यांच्या मृत्यूच्या आकड्यांत जे अंतर दिसेल ते मुख्यतः या एका फरकातून निघते.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे वाचकाला ती तपासत पुढे जाता येईल. पद्धतीची नैतिकता पद्धतीत नसते. पकडलेल्या माशाचे पुढे काय करायचे आहे हे ठरल्याशिवाय गांडूळ बरे की पिसे बरी, या प्रश्नाला अर्थ येत नाही. वादातल्या बहुतेक माणसांनी हा प्रश्न शेवटी विचारला किंवा विचारलाच नाही. त्याऐवजी ते कौशल्याबद्दल, सभ्यतेबद्दल आणि पुष्कळदा स्वतःच्या सामाजिक जागेबद्दल बोलत राहिले.

दोन्ही पद्धती जुन्या आहेत. इसवी सनाच्या सुमारे २०० सालच्या एलिअन या लेखकाने मॅसिडोनियातल्या कोळ्यांची हकिकत दिली आहे. ते गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून ठिपकेदार मासे पकडत. आपल्या बाजूला बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ असा स्वतंत्र भाग लिहिला. कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे, दोर आणि गळ कसे असावेत, याची त्यात राजाच्या करमणुकीसाठी चर्चा आहे. सोमेश्वराचा विनोद संपूर्णपणे आमिषाचा आहे, आणि त्याला त्यात काही हलके वाटलेले नाही. हे ध्यानात ठेवावे, कारण आमिष म्हणजे गरिबाची आणि अडाण्याची पद्धत हे समीकरण फार अलीकडचे आहे.

इंग्लंडमध्येही सुरुवातीला ते नव्हते. १४९६ मध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने छापलेला गळाच्या मासेमारीवरचा निबंध परंपरेने डेम ज्युलियाना बर्नर्स हिच्या नावावर आहे, पण ते लेखकत्व संशयास्पद आहे. त्यात बारा फ्लायांची यादी आहे आणि तितक्याच आस्थेने आमिषांचीही माहिती आहे. शेवटी नीतीचे नियम येतात : गरिबाच्या पाण्यात त्याच्या परवानगीशिवाय मासे धरू नका, कुंपणे मोडू नका, फाटके उघडी टाकू नका, गरजेपेक्षा जास्त मासे घेऊ नका. या नियमांत कुठेही गळाला काय लावावे याचा उल्लेख नाही. आचाराचे नियम शेजाऱ्याशी आणि हावेशी बांधलेले आहेत. निबंध मोठ्या ग्रंथाचा भाग म्हणून छापण्याचे कारणही दिले आहे : स्वस्त सुटी पुस्तिका काढली तर ती रिकामटेकड्यांच्या हाती पडेल. म्हणजे वर्गाची चिंता होती, ती पद्धतीला अजून चिकटली नव्हती.

आयझॅक वॉल्टनचे १६५३ चे ‘द कम्प्लीट अँग्लर’ हे या छंदाचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक. त्याचा लेखक मुख्यतः आमिषवाला होता. फ्लायचे सविस्तर प्रकरण त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने १६७६ च्या पाचव्या आवृत्तीत जोडले. दोघांच्या वयात, स्वभावात आणि पद्धतीत अंतर होते, तरी एका पुस्तकात दोघे सुखाने नांदतात. वॉल्टनने बेडूक गळाला कसा ओवावा हे सांगताना त्याला मायेने हाताळण्याचा सल्ला दिला आहे. पुढे त्याच्या या शांत सुरावर कवी बायरनने ‘डॉन जुआन’मध्ये निर्दयपणाचा आरोप केला. या आरोपाला फ्लायवाल्यांनी दिलेले उत्तर मला महत्त्वाचे वाटते : क्रूरता आमिषात आहे, आमच्यात नाही. वादाला नैतिक धार अशा वेळी येते. बाहेरच्याने सगळ्यांवर ठेवलेला दोष आतला एक गट दुसऱ्यावर ढकलतो. हा प्रकार पुढेही पुन्हा पुन्हा दिसतो.

१८५७ मध्ये स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्ट्युअर्टने ‘द प्रॅक्टिकल अँग्लर’ लिहिले. उन्हाळ्याच्या नितळ, उथळ पाण्यात प्रवाहाच्या वरच्या दिशेने चालत जाऊन गांडूळ टाकणे ही त्याच्या मते उच्च दर्जाची कला होती, आणि ज्यांनी हे पुस्तक वाचले आहे त्यांना ते पटते. सावली पडू न देणे, पाण्याचा ओघ वाचणे, मासा कुठे उभा असेल ते ओळखणे, हे सगळे तिथे लागते. आमिषाला कौशल्य लागत नाही असे मानणाऱ्याने हे पुस्तक अवश्य उघडावे.

मग फ्रेडरिक हॅल्फर्ड आला. १८८६ मध्ये ‘फ्लोटिंग फ्लाइज अँड हाऊ टु ड्रेस देम’ आणि १८८९ मध्ये कोरड्या, म्हणजे तरंगत्या, फ्लायवरचा सिद्धान्तग्रंथ यांनी त्याने खडूच्या नद्यांवर एक आचारसंहिता बसवली. मासा आधी डोळ्यांनी पाहा, तो वर येऊन कोणता किडा खातो ते ओळखा, त्याच किड्याची हुबेहूब प्रतिमा तरंगती टाका. हॅल्फर्डचे निरीक्षण अस्सल होते आणि त्याच्या शिस्तीत सौंदर्यही आहे. पण ट्राउटचे बहुतेक खाणे पाण्याखाली होते, अजून पंख न फुटलेल्या किड्यांवर. जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या वकिलाने हे माशांची पोटे तपासून पाहिले आणि १९१० च्या ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’मध्ये बुडत्या किड्याच्या प्रतिमा वापरण्याचा पुरस्कार केला. हॅल्फर्ड १९१४ मध्ये वारला, वाद मात्र चालू राहिला. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबने फेब्रुवारी १९३८ मध्ये या प्रश्नावर जाहीर चर्चा घेतली. स्क्यूज तेव्हा ७९ वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याने इचनवरचे आपले अनेक दशकांचे पाणी सोडले.

या प्रकरणावर मी जरा रेंगाळतो, कारण इथे वाद अगदी शुद्ध स्वरूपात दिसतो. दोन्ही बाजू फ्लायवाल्या आहेत, गळ तोच, मासा तोच. गळाला लागलेल्या माशाच्या दृष्टीने तरंगत्या आणि बुडत्या माशीत काहीच फरक नाही. मग भांडण कशाचे? माणसाने स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनाचे. यशाची शक्यता मुद्दाम कमी करणे हे खेळाचे लक्षण आहे, आणि हॅल्फर्डच्या अनुयायांनी ते खेळापुरते न ठेवता चारित्र्याचे माप बनवले. वर हे बंधन ज्या नदीत शक्य होते ती नदीच विशेष होती. गढूळ, वेगवान, किडे कमी असलेल्या डोंगरी ओढ्यात वर येणाऱ्या माशाची वाट पाहणारा उपाशीच परतेल. एका भूगर्भाची आणि एका मालमत्तापद्धतीची सवय सार्वत्रिक नीती म्हणून पुढे आली, असा माझा निष्कर्ष आहे.

त्या वेळी शेफील्डसारख्या शहरांतले कामगार रविवारी आगगाडीने कालव्यांवर जात आणि आमिषाने रोच, ब्रीम असे मासे धरत. या माशांना इंग्लंडमध्ये ट्राउट-सामनपेक्षा खालच्या दर्जाचे मानतात. पण १८७८ मध्ये त्यांच्या विणीच्या काळात मासेमारीला बंदी करणारा कायदा आला, तो शेफील्डचे खासदार ए. जे. मुंडेला यांच्या नावाने ओळखला जातो. पुढे याच आमिषवाल्यांच्या स्पर्धांत पकडलेले मासे पाण्यातल्या जाळीत जिवंत ठेवून, वजन करून, परत सोडण्याची रीत रुळली. मासा सोडून देणे ही फ्लायवाल्यांची देणगी आहे ही समजूत या इतिहासापुढे टिकत नाही.

अमेरिकेत चित्र बदलते. तिथे नद्या मोठ्या प्रमाणात सार्वजनिक आहेत, म्हणून क्लबाचा नियम पुरत नाही, सरकारी नियम लागतो. ली वुल्फने १९३९ मध्ये असा आग्रह धरला की खेळातला मासा एकदाच पकडून संपवणे परवडणारे नाही. १९५९ मध्ये मिशिगनच्या ऑ सेबल नदीकाठी ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्था स्थापन झाली. हळूहळू अनेक नद्यांचे काही पट्टे फक्त फ्लायसाठी राखीव झाले. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या फायरहोल नदीवर आज फ्लायशिवाय काही चालत नाही. या कुंपणाच्या दोन्ही बाजूंच्या भावना समजून घ्यायच्या असतील तर नॉर्मन मॅक्लीन यांची १९७६ ची मोंटानामधली कथा ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ वाचावी. तिच्यात कॉफीच्या डब्यात गांडुळे घेऊन येणारा मेहुणा हे पात्र आहे. त्या डब्याकडे पाहणाऱ्या भावांच्या नजरेत धर्म, घराणे आणि प्रदेश या सगळ्यांचा अभिमान एकवटला आहे.

अभ्यासक्षेत्र म्हणून या विषयाची सुरुवात मी १९७७ पासून धरतो. त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या आर्केटा इथे पकडून सोडण्याच्या पद्धतीवर परिसंवाद झाला आणि त्यात रिचर्ड वायडोस्की यांनी तोवरच्या प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले. सोडलेल्या ट्राउटसारख्या माशांपैकी आमिषाने धरलेले सुमारे २५ टक्के मरत, धातूच्या चमकत्या आमिषाभासांनी धरलेले सुमारे ६ टक्के आणि फ्लायने धरलेले सुमारे ४ टक्के. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ हॉब्सन ब्रायन यांनी ट्राउट धरणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अधूनमधून येणारा माणूस हळूहळू एका पद्धतीचा आणि मग एका विशिष्ट पाण्याचा विशेषज्ञ होतो. त्याबरोबर त्याचे लक्ष मासा घरी नेण्याकडून नदी राखण्याकडे वळते, असे त्यांना आढळले. ब्रायन यांची मांडणी अजूनही उपयोगी आहे. मात्र तिला शिडी समजून वरच्या पायरीवर फ्लायवाल्याला बसवणाऱ्या पुढच्या लेखकांशी माझे मतभेद आहेत. चाळीस वर्षे एकाच तळ्यावर आमिषाने कार्प धरणारा माणूसही तितकाच विशेषज्ञ असतो.

२५ आणि ४ हे आकडे वादात फार वापरले जातात, म्हणून ते नीट वाचायला हवेत. फ्लायने दिवसभरात ५० मासे धरून सोडणाऱ्याच्या हातून ४ टक्क्यांच्या हिशेबाने २ मरतात. गांडुळाने २ धरून जेवणासाठी घरी नेणाऱ्याच्या हातूनही २ च मरतात, आणि ते खाल्ले जातात. आमिषाची खरी अडचण वेगळ्या जागी आहे. ठरावीक लांबीपेक्षा लहान मासा सोडलाच पाहिजे, असा कायदा जिथे आहे तिथे गांडूळ वापरणाऱ्याला घशात गळ गेलेला मासा परत पाण्यात टाकावा लागतो. आमिष आणि सक्तीची सुटका यांचा मेळ बसत नाही. म्हणजे दोष द्यायचा तर दोघांच्या जोडीला द्यावा लागेल, एकट्या गांडुळाला नव्हे.

शिवाय आकडा बदलता येतो. खोल गेलेला गळ ओढून न काढता दोरी कापली तर बरेच जास्त मासे जगतात. टोक आत वळलेले गोल गळ घशात कमी रुततात. दोरी सैल सोडून बसण्याऐवजी ताणून हातात ठेवली तर मासा गिळण्याआधी कळते. ब्रिटनच्या कार्पवाल्यांनी १९८० च्या सुमारास आमिष गळाला न टोचता शेजारी एका केसाएवढ्या धाग्यावर लटकवण्याची युक्ती काढली. त्यामुळे गळ बहुधा ओठातच लागतो. दुसऱ्या बाजूला फ्लायवाल्याचा ४ टक्के हा आकडा थंड पाणी आणि हलका हात गृहीत धरतो. पाणी तापले की ट्राउटला श्वास पुरत नाही आणि सोडलेला मासाही मरतो. फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी १९९२ मध्ये प्रयोगशाळेत दमवलेले रेनबो ट्राउट हवेत धरून पाहिले. हवेत न धरलेल्यांपैकी १२ टक्के मेले, ३० सेकंद धरलेल्यांपैकी ३८ टक्के आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के. प्रयोगशाळेतला मासा आणि नदीतला मासा सारखे नसतात हे खरे, तरी छायाचित्रासाठी मासा उचलून धरणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे वाचावेत असे मला मनापासून वाटते.

आतापर्यंतचा हिशेब मृत्यूचा होता. वेदनेचा प्रश्न त्याहून अवघड. जेम्स रोझ यांनी २००२ मध्ये असा युक्तिवाद केला की माशाच्या मेंदूत जाणीवपूर्वक वेदना अनुभवण्याची रचनाच नाही. पुढच्याच वर्षी लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या मज्जातंतूंची नोंद केली. ओठांत मधमाशीचे विष किंवा ॲसिटिक आम्ल टोचल्यावर माशांनी खाणे लांबवले आणि त्यांचे वागणे बदलले, हेही दाखवले. वाद मिटलेला नाही. स्नेडन यांच्या बाजूचा पुरावा मला अधिक वजनदार वाटतो. तो मानला तर जुनी उतरंड उलटी होते. खाण्यासाठी मासा मारणाऱ्याकडे त्याला दिलेल्या त्रासाचे कारण असते. सोडण्याच्याच हेतूने पुन्हा पुन्हा पकडणाऱ्याकडे करमणुकीखेरीज काही नसते. जर्मनीचा प्राणिसंरक्षण कायदा असे सबळ कारण मागतो, आणि स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून मासा सोडण्याच्या इराद्याने मासेमारी करण्याला मनाई आहे. मोंटानात जो आदर्श, तो झुरिकमध्ये गुन्हा. दोन्हीकडच्या लोकांना माशाची काळजी आहे. एकाला माशांची जात टिकायला हवी आहे, दुसऱ्याला हा एक मासा छळला जायला नको आहे.

फ्लायच्या स्वच्छपणाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिचा धागा सह्याद्रीपर्यंत येतो. व्हिक्टोरियन काळातल्या सामनच्या फ्लाया जगभरच्या पक्ष्यांच्या पिसांनी सजत. त्यांत गालावर लावायचे मेणचट चकाकीचे पीस राखी रानकोंबड्याच्या मानेचे असे, आणि हा पक्षी आपल्या पश्चिम घाटातला. त्याच्या कातड्यांचा मोठा व्यापार झाला. पुढे निर्यातीवर बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंग इथल्या संग्रहालयातून एडविन रिस्ट या तरुणाने २९९ पक्ष्यांची कातडी चोरली, तीही फ्लाय बांधण्याच्या वेडापायीच. उपद्रव दोन्ही बाजूंनी झाला आहे : आमिषाच्या डब्यातून उरलेली परदेशी गांडुळे मिनेसोटाच्या जंगलांत पसरली, तर फ्लायवाल्यांच्या बुटांच्या नमद्याच्या तळव्यांतून डिडिमो नावाचे शेवाळ एका नदीतून दुसरीत जाऊ नये म्हणून न्यूझीलंडला २००८ मध्ये त्या बुटांवर बंदी घालावी लागली. गळाला काय लावले आहे एवढेच पाहणाऱ्या नीतीला हे दिसत नाही.

मराठी वाचकाने या क्षेत्रात कुठून शिरावे, असे मला विचारले तर मी हॅम्पशर मागाहून दाखवीन आणि आधी कावेरीकडे नेईन. महाशीर, म्हणजे आपल्याकडची खडशी, हा मासा आपल्या ओळखीचा आहे. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीच्या धाकाने तो पिढ्यान्‌पिढ्या राखला गेला. कावेरीच्या गालिबोरे तळावर परदेशी आणि देशी हौशी लोक नाचणीच्या पिठाचे उंडे लावून महाशीर धरत आणि सोडत. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्यांच्या नोंदी एड्रियन पिंडर आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. एकूण महाशीर वाढत होते, पण कुबडाचा मूळ महाशीर झपाट्याने नाहीसा होत होता. वाढणारा होता निळ्या परांचा, बाहेरून आणून सोडलेला. हीच जात टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून लोणावळ्याच्या केंद्रात वाढवली आणि देशभर वाटली, तीही संवर्धनाच्या प्रामाणिक हेतूने. कुबडाच्या महाशीराची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला.

ही माहिती दिली ती आमिषवाल्यांच्या वह्यांनी. गालिबोरे तळ ज्या अभयारण्यात आहे तिथली मासेमारी बंद झाल्यावर त्या वह्याही थांबल्या. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मला हलके वाटत नाही : अभयारण्यात प्राण्याला गळ लावणे हा खेळ कसा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण नदीत काय घटते आहे हे मग कोण मोजणार, याचेही उत्तर द्यावे लागते. २०१६ मध्ये कावेरीतल्या निळ्या परांच्या महाशीरावर पकडून सोडण्याचा शारीरिक परिणाम मोजणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. ट्राउटच्या आकड्यांवर विसंबून आपल्या माशांविषयी बोलण्याची गरज त्यामुळे थोडी कमी झाली आहे. गळ किती खोल जातो, एप्रिलच्या तापलेल्या पाण्यात सोडलेला मासा किती तग धरतो, लहान गळ आणि मोठा गळ यांत काय फरक पडतो, हे प्रश्न कृष्णेच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यांतही विचारता येतील. ज्यांना गरवता येते त्यांना सोबत घेऊनच ते विचारावे लागतील.